चुका पोटात घालणारी गाडी

“आणखी खाली घ्या,” बाई म्हणाल्या.

मिस्त्री गाडीखालून पाठीवर सरकत बाहेर आला. त्याच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि वेडसर माणसाशी बोलताना आणतात तसला समजूतदारपणा त्याने चेहऱ्यावर आणला होता.

“बाई, मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड, कडक टाकल्या. चाक आणि पत्रा यांच्यात आता जेमतेम तीन बोटं राहिलीत. याच्याखाली नेली तर गतिरोधकावर पोट घासेल.”

“घासू दे. मला जिथे पळवायचीय तिथे गतिरोधक नाहीत.”

“आणि बाकीचे दिवस?”

बाकीच्या दिवसांचा विचार बाईंनी केव्हाच सोडला होता. त्यांच्या डोक्यात एकच दिवस होता, आणि तो त्यांनी मनात इतका घोळवला होता की उजाडायच्या आधीच तो गुळगुळीत झाला होता.

बाई पूर्वी जिथे शिकवायच्या ती गाडी शिकवण्याची शाळा मुळात बाईंच्या वडिलांची. पण पाटीवर पुरुषाचं नाव असलं की लोक भरवशाने येतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी ती जावयाच्या नावावर केली. जावई तेव्हा एका कचेरीत टंकलेखक होता आणि सायकलीपलीकडे त्याला काही चालवता येत नव्हतं. त्याला गाडी शिकवली ती बाईंनीच. पुढे त्याचे ‘सर’ झाले. सर पंख्याखाली बसून सह्या करायचे आणि बाई उन्हातान्हात शेजारच्या सीटवर बसून, शिक्षकासाठी बसवलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, लोकांचे जीव वाचवायच्या. मग सरांना बाईंचा कंटाळा आला. काडीमोड झाला तेव्हा शाळा, पाटी, नव्या गाड्या, सगळं कागदोपत्री सरांचंच निघालं. वाटणीच्या बैठकीला नातेवाईक बसले होते, शाळेतले शिक्षक बसले होते. सर खुर्चीत रेलून म्हणाले, “ती जुनी छोटी गाडी देऊन टाका तिला. हिला कुठे वेगाने जायचंय?”

सगळे हसले. बाईंचा सख्खा मामासुद्धा हसला. शाळा गेल्याचं दुःख बाईंनी गिळलं. नवरा गेल्याचं तर फारसं गिळावंही लागलं नाही. पण ते हसू मात्र घशात अडकलं ते अडकलंच.

गाडी तशी स्वस्तातली, बिस्किटाच्या डब्याएवढी, पण गुणाची होती. क्लच झटक्यात सोडा, भलत्याच गिअरमध्ये घाला, चढावर मागे घसरवा. ती एक आचका द्यायची, जरा खोकायची आणि पुन्हा मुकाट चालू लागायची. “चुका पोटात घालते ती,” बाई नवीन शिकणाऱ्यांना सांगायच्या. सरांच्या शाळेत ओरडा खाऊन रडत घरी गेलेल्या बायका बाईंकडे यायच्या आणि त्या गाडीवर शिकून जायच्या. वेगळं झाल्यापासून बाईंची चूल त्याच गाडीवर पेटत होती.

सध्या शिवणकाम करणाऱ्या एक मावशी शिकत होत्या. आयुष्यभर शिलाई मशीन पायाने दामटल्यामुळे त्या अ‍ॅक्सिलरेटरही तसाच दामटायच्या. त्यांच्या यजमानांचे पाय आजारपणात गेले होते. भावाची जुनी गाडी दारात उभी होती, पण यजमानांना दवाखान्यात न्यायला दर खेपेला शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघावं लागे. “एकदा माझ्या हाताने नेईन ना बाई, मग मेले तरी चालेल,” असं त्या म्हणायच्या, आणि तेवढ्यात गाडी बंद पाडायच्या. गाडी मिस्त्रीकडे गेल्यापासून त्या रोज विचारत होत्या, “बाई, आपली गाडी कधी येणार?”

मिस्त्रीने अपघातात चुरडलेल्या एका गाडीतून टर्बो काढून आणला होता. गोगलगायीच्या आकाराचा तो लोखंडी ऐवज त्याने बाईंच्या हातात दिला.

“इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने यातला पंखा गरगरतो. मग तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जो धूर वाया जायचा तोच गाडी पळवतो.”

“म्हणजे स्वतःच्या धुमसण्यावर पळायचं,” बाई म्हणाल्या. “हे मला जमेल.”

मिस्त्री हसला नाही. “बाई, एक ऐका. ही गाडी मग शिकवायच्या कामाची राहणार नाही. आधी काही होत नाही आणि मग एकदम लाथ बसते. नवख्याच्या पायाला ते झेपायचं नाही. आणि मी आतलं सगळं बदलणार आहे, परत पहिल्यासारखी करा म्हणाल तर होणार नाही.”

बाईंना मावशी आठवल्या. नाही आठवल्या असं नाही. पण त्यांच्या मागोमाग ते हसू आठवलं आणि मावशी मागे पडल्या.

“बसवा,” त्या म्हणाल्या.

गावाबाहेर एक जुनी धावपट्टी होती. तिथे विमानं उतरणं बंद झालं होतं आणि वर्षातून एकदा हौशी गाडीवाले शर्यत लावायचे. दोन-दोन गाड्या, सरळ रस्ता, ज्याला वाटेल त्याने वाटेल त्याला आव्हान द्यायचं. सर दरवर्षी त्यांची चंदेरी गाडी घेऊन यायचे आणि जिंकून जायचे. बाईंनी सरांचं नाव पुकारलं तेव्हा गर्दीला फुकटचा तमाशा मिळाला. जमिनीला चिकटलेली ती गाडी बघून कोणीतरी ओरडलं, “ही उभी आहे की बसलीय?”

सर काच खाली करून म्हणाले, “पोहोचशील ना तिकडपर्यंत? मी पुढे जाऊन चहा सांगून ठेवतो.”

निशाण पडलं. चंदेरी गाडी सुसाट सुटली. छोटी गाडी मात्र क्षणभर नुसती गुरगुरली, आणि कडेला उभ्या असलेल्या मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. मग टर्बोची बारीक शीळ वाजली. ती चढत गेली आणि कोणीतरी पाठीत दोन्ही हातांनी धक्का द्यावा तशी गाडी उसळली. आखूड स्प्रिंगांवर ती रस्त्याला धरून होती. ना डोलली, ना बावचळली. अर्ध्या पट्टीवर दोन्ही गाड्या बरोबरीला आल्या. शिकणाऱ्याला जे बाईंनी कधीही करू दिलं नसतं ते त्यांनी केलं. रस्त्यावरची नजर काढून त्यांनी शेजारच्या गाडीच्या काचेतून आत पाहिलं. त्यांना सरांचं तोंड बघायचं होतं. ते उघडं होतं. बाईंनी ते पोटभर पाहिलं आणि मग त्याला मागे टाकलं.

सर गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्याभोवती शर्यत बघायला आलेली शाळेतली आणि नात्यातली मंडळी गोळा झाली होती. मामाही होता. बाई सरांपाशी गेल्या आणि वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, “क्लच फार लवकर सोडलात. तुमची जुनीच खोड आहे. सकाळी येत जा, शिकवीन.”

हशा उसळला. मामा सगळ्यांत मोठ्याने हसला. सर काहीतरी बोलले, पण ते कोणाला ऐकूच गेलं नाही. आयुष्यात इतकं गोड काही बाईंनी चाखलं नव्हतं, आणि ही गोडी दुसऱ्या दिवशी उठल्यावरही तोंडात होती.

त्या दिवशी सकाळी मावशी शिकायला आल्या. नवी कोरी चप्पल घालून, पदर खोचून त्या वाकत-वाकत गाडीत बसल्या. “केवढी खाली गेलीय हो!” म्हणाल्या. बाईंनी सगळं दोनदा समजावलं. मावशींनी मान डोलावली, क्लच सोडला, पाय दाबला. काहीच झालं नाही, म्हणून मशीनवर दाबतात तसा आणखी दाबला.

गाडीने झेप घेतली. मैदानाची भिंत समोरून धावून आली. बाईंचा पाय त्यांच्याकडच्या ब्रेकवर आधीच पडला होता, म्हणून गाडी भिंतीच्या वीतभर अलीकडे थांबली. मावशींचा चष्मा कुठेतरी पायात जाऊन पडला.

बाईंनी हात लांबवून इंजिन बंद केलं. मावशींनी विचारलं, “माझंच चुकलं ना?”

“नाही, मावशी. तुम्ही नेहमीसारखंच केलंत. गाडी बदललीय.”

“पहिल्यासारखी नाही का होणार?”

“नाही.”

मावशींनी चष्मा शोधला, पदराने पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. “रागावू नका बाई. पण मग मी तुमच्या त्या... त्या शाळेत जाऊ का? ओरडले तर ओरडले. आमच्या ह्यांना न्यायचं आहे हो.”

कोणी मुस्काटात मारली असती तरी बाईंना इतकं लागलं नसतं. शर्यतीचा पश्चात्ताप झाला का? तो नाही झाला. सरांचं उघडं तोंड आठवून आताही त्यांना बरंच वाटत होतं. पण ज्या गाडीने बायकांच्या चुका वर्षानुवर्षं पोटात घातल्या, तिला एका माणसाची एक चूक वसूल करायला जुंपलं होतं, आणि याची किंमत त्या माणसाने नव्हे, मावशींनी दिली होती.

“जा,” त्या म्हणाल्या. “तिथे पांढरी गाडी मागा. तिचा क्लच हलका आहे. कोणी ओरडलं तर उत्तर देऊ नका, गाडी थांबवा आणि शांत बसून राहा. ओरडणारा आपोआप दमतो.”

बाईंनी मावशींशी जागा बदलली आणि त्या त्यांना घरी सोडायला निघाल्या. गाडी त्यांनी इतकी हळू चालवली की एक सायकलवाला वळून बघत पुढे गेला. मावशींनी सीटची कड दोन्ही हातांनी पकडून डोळे गच्च मिटले होते.

बाजाराच्या पुढच्या सरळ रस्त्यावर मागून हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. आरशात चंदेरी गाडी होती आणि आत सर. रस्ता रिकामा होता. बाईंच्या पायाखाली ती शीळ तयारच होती. नुसतं पाऊल टेकवायचा अवकाश, पुन्हा एकदा तेच तोंड बघता आलं असतं. पायाला तर खाजच सुटली.

बाईंनी गाडी कडेला घेतली. काच खाली केली, हात बाहेर काढला आणि शिकवताना दाखवायच्या तसाच सावकाश, नीट हलवून ‘पुढे जा’ म्हणून खूण केली. सर गेले. जाताना त्यांनी काचेतून वळून पाहिलं, आणि बाई समोर बघत राहिल्या.

“गेली का ती गाडी?” मावशींनी डोळे न उघडता विचारलं.

“गेली,” बाई म्हणाल्या. “तुमचं घर डाव्या हाताला ना?”