मामांच्या हातची खीर

गेणूच्या पोराला आठवा महिना सरत आला, तरी त्याच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता. आईचं, म्हणजे चिंगीचं, दूध पुरत नव्हतं. भाकरी थापल्याचा आवाज आला की कान्हू चुलीकडं तोंड करून रडायचा. तुंगार्लीच्या बंगल्यातल्या झाडांना पाणी घालून गेणू परतायचा, तेव्हा ते रडणं त्याला लांबूनच ऐकू यायचं. चुलीवर पेज होती, खाली भुकेलं पोर होतं, आणि मधे गेणूची आई सारजाबाई बसली होती.

तिचं म्हणणं एकच. उष्टावण मामाच्या हातानं व्हायचं; तोवर पोराच्या जिभेला काही लागता कामा नये. रोज ती नातवाच्या तोंडाचा वास घ्यायची. गेणूनं एकदा चोरून बोटभर पेज चाटवायला घेतली, तर तिनं आधी त्याचं बोट हुंगलं आणि मग दोन दिवस त्याच्याशी बोलणंच टाकलं.

मामा होते. अडचण त्यांच्या वयाची होती. चिंगीला नुसत्या बहिणी. लग्नात सारजाबाईनं त्यावरून विहिणीला, भागुबाईला, इतकं टोचलं की भागुबाईनं ते मनावर घेतलं. परिणामी मायलेकी एकाच वर्षी बाळंत झाल्या. मामा बजरंग भाच्याहून जेमतेम दोन महिन्यांनी वडील होते.

“आये, चुलतमामा हाय की. रखमाजी, देहूरोडच्या डेपोतला. त्याला बोलवू.”

“सख्खा आस्ताना चुलत कशापायी?”

“सख्ख्याला सोताला खाता येत न्हाई आजून!”

“यील की. थांबू आपुन.”

थांबले. मामांना दात येत होते. दातांपायी जुलाब लागले आणि जुलाबांपायी खुद्द मामांचंच उष्टावण पुढं गेलं. इकडं कान्हूची मान बारीक होत चालली. चिंगी काही बोलत नव्हती, आणि ती बोलत नसली की गेणूला घरात कुठं उभं राहावं ते कळत नसे.

अखेर बेगडेवाडीहून निरोप आला, की मामा भात खायला लागले. पाठोपाठ आईच्या कडेवर बसून, टोपडं घालून मामाही आले.

“या, मामा,” सारजाबाई पदर सावरत म्हणाली. पाट मांडला. मामांनी तो ओला केला. दुसरा मांडला.

समोर चिंगीच्या मांडीवर कान्हू, मधे खिरीची वाटी. भागुबाईनं मामांची मूठ खिरीत बुडवून भाच्याकडं नेली. मूठ अर्ध्या वाटेत वळली आणि मामांच्याच तोंडात गेली. पुन्हा बुडवली, पुन्हा तेच.

“इहीनबाई, हात घट धरा!”

“धरलाय वं. जोर लय हाय त्याला.”

“खाणाऱ्याला आसनारच,” चिंगी म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

वाटी निम्मी झाली. कान्हू रडायचा थांबला आणि नुसता बघत राहिला. ते बघणं गेणूला सोसेना.

“आये, मी भरवतो.”

“तू बस.”

गेणू बसलेलाच होता.

तेवढ्यात कान्हू झेपावला. मामांची मूठ धरून त्यानं मनगटापर्यंत तोंडात घातली, चोखली आणि नव्या दातांनी चावलीही. मामांनी भोकाड पसरलं. मूठ सोडवायला कुणी गेलं नाही.

“ह्ये चालंल का वं?” भागुबाईनं भीत भीत विचारलं. “मामानं दिलं न्हाई, भाच्यानं वढून घेतलं.”

सारजाबाईनं विचार केला. “चालंल. मामाकडनं आसंच काढून घ्यावं लागतं.”

चिंगीनं घाईनं आपली बोटं खिरीत बुडवून कान्हूच्या तोंडाशी नेली. त्यानं खीर थुंकून टाकली. गेणूनं भरवलं, तर ते त्याच्याच सदऱ्यावर आलं. आजीच्या हाताला त्यानं तोंडच फिरवलं. मामांची मूठ पुढं आली आणि त्यानं पाखराच्या पिलासारखा आ वासला.

ऊन उतरलं तशी भागुबाई गाडीसाठी उठली.

“कुटं निगाला?” सारजाबाई म्हणाली. “पोर उपाशी ठिवून?”

“आवं, पर लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायाचं?”

“त्यो दुसऱ्याच्या हातचं खाईपातूर.”

कान्हू पोटभर जेवून मामांची मूठ तोंडात धरूनच झोपला होता. ओरडून दमलेले मामाही झोपले होते. त्यांना वेगळं करायची कुणाची छाती नव्हती.

“जावईबापू,” भागुबाईनं विचारलं, “माजं हातरूण कुटं टाकू?”

सारजाबाईनं आणि चिंगीनं एकदमच बोट दाखवलं. सासूनं दाराजवळच्या जागेकडं, सुनेनं चुलीजवळच्या. दोघी गेणूकडं बघू लागल्या. गेणूनं खिरीची वाटी उचलली आणि ती घासायला बाहेर गेला.