अर्धी फिरलेली किल्ली

मी एक कुलूप आहे. पितळेचं, सात लिव्हरचं, हातात घेतलं तर मनगट खाली ओढणारं. जन्म अलीगढच्या एका कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते कोल्हापुरात, नदीकडं उतरणाऱ्या एका गल्लीतल्या ख्रिस्ती देवळाच्या दारावर. बोलायला मी बरीच वर्षं लावली. जे सांगायचं आहे ते चांगलं नाही, म्हणून लावली.

मला विकत आणलं दानीएल गुरुजींनी. तेव्हा ते शाळेत शिकवत होते आणि नुकतेच मंडळीचे, म्हणजे त्या देवळातल्या ख्रिस्ती समाजाचे, सेक्रेटरी झाले होते. दुकानदारानं तीन कुलपं काउंटरवर मांडली. गुरुजींनी प्रत्येकाला हिसका देऊन बघितला, मला दोनदा दिला. मी हललो नाही. "हे द्या," ते म्हणाले. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. कोणी कितीही ओढलं तरी सुटायचं नाही, एवढंच मी त्या दिवशी शिकलो आणि पुढं वीस वर्षं तेवढ्यावरच जगलो.

दाराच्या आतलं कुलपाला कधी दिसत नाही. रविवारी सकाळी गुरुजी मला काढायचे आणि बाहेर कडीलाच अडकवून ठेवायचे. आत गायन चालायचं, पेटी वाजायची, पाळकसाहेबांचा उपदेश व्हायचा. मी आपला गल्लीकडं तोंड करून लोंबकळत असायचो. त्यामुळं मंडळीतल्या माणसांचे मला आवाज माहीत होते आणि गल्लीतल्या माणसांचे चेहरे.

त्यातला एक चेहरा धोंडुबाईचा. देवळाच्या खालच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांची वस्ती होती, तिथं ती राहायची आणि पाटी घेऊन भाजी विकायची. तिचा नवरा ज्ञानू पूर्वी हमाली करायचा. दम्यानं ते काम सुटलं. संध्याकाळी तो आमच्या व्हरांड्यात येऊन बसायचा, कारण तिथं वारं मोकळं होतं. दोघं काही ख्रिस्ती नव्हते. पण सकाळी पाटी उचलून जाताना धोंडुबाई आमच्या दाराला हात लावायची आणि तो कपाळाला टेकवायची. घाईत कित्येकदा तिची बोटं दाराऐवजी माझ्यावरच पडायची. मला ते आवडायचं.

२०१९ साली देवळाला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. पंच कमिटीनं मोठी तयारी धरली. बाकांना पॉलिश झालं. आत लाल गालिचा अंथरला गेला, तो आत नेताना तेवढा मला दिसला. व्हरांड्याच्या खांबावर एक पाटी लागली : विनाकारण बसू नये. ज्ञानूला वाचता येत नव्हतं. तो दोन-तीन दिवस बसला. मग कोणीतरी त्याला वाचून दाखवलं. त्यानंतर तो पायरीच्या खाली, गटारीच्या कठड्यावर बसायला लागला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेला पूर आला. कोल्हापूरच्या माणसाला पूर नवा नाही. पाणी दर वर्षी थोडं वर येतं, चार दिवस थांबतं आणि जातं. पण या वेळी ते थांबेना. मंगळवारी दुपारी वस्तीत गुडघाभर पाणी शिरलं आणि खालची सतरा माणसं आमच्या व्हरांड्यात आली. डोक्यावर गाठोडी, एका बाईच्या काखेत शेळीचं करडू. धोंडुबाईनं ज्ञानूला भिंतीला टेकवून बसवलं. पावसाची झड थेट व्हरांड्यात येत होती आणि त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजत होती.

पाळक होते सौमित्र चांदेकर, तरुण गृहस्थ. ते इचलकरंजीला अडकले होते, रस्ते बंद झाले होते. धोंडुबाईनं धैर्यशीलच्या फोनवरून त्यांना विचारलं. धैर्यशील म्हणजे वस्तीतला रिक्षा चालवणारा पोरगा. पाळक लगेच म्हणाले, आत बसा, मी गुरुजींना किल्ली घेऊन पाठवतो.

गुरुजी अर्ध्या तासात आले. रेनकोट, हातात छत्री, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आल्याआल्या त्यांनी किल्ली माझ्यात घातली आणि फिरवली. माझ्या आतल्या लिव्हर उचलल्या गेल्या. अजून अर्धा वळसा, की मी सुटणार होतो.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एका पंचाचा होता. गुरुजींचा उजवा हात किल्लीवर, डावा कानाला. मी इतका जवळ होतो की पलीकडचा प्रत्येक शब्द मला ऐकू आला. गालिचा नवा आहे. एकदा आत घेतलं की महिनाभर हलणार नाहीत. बायकापोरं, जनावरं, स्वयंपाक, सगळं आतच होणार. वरची शाळा उघडली आहे की, तिकडं पाठवा. गुरुजी "हो, पण" म्हणाले. मग नुसतं "हो" म्हणाले.

फोन खिशात गेला. किल्ली थोडा वेळ तशीच राहिली. मग त्यांनी ती उलटी फिरवली आणि काढून घेतली.

"कुलूप अडकलंय," ते म्हणाले. "गंजलंय बहुतेक. तुम्ही वरच्या शाळेत जावा, तिथं सोय हाय."

ते कोणाकडं न बघता पायऱ्या उतरले.

धैर्यशीलनं मला धरून एक हिसका दिला. मग पाय दाराला लावून दुसरा. खरं सांगतो, त्या वेळी मी जीव खाऊन धरून राहिलो. गुरुजी खोटं बोलले हे मला माहीत होतं. ज्ञानूची छाती मला ऐकू येत होती. तरी त्या पोराच्या हाताला मी हरलो नाही याचा मला अभिमान वाटला. गुरुजींनी काय केलं ते पुढं सगळ्यांना कळलं. मी काय केलं ते आज पहिल्यांदा सांगतोय.

धैर्यशीलनं कुठून तरी लोखंडी गज आणला. तो माझ्या कडीत घालणार, तोच धोंडुबाई मध्ये आली.

"देवाचं दार हाय," ती म्हणाली. "मोडू नगा."

ती सतरा माणसं गुडघ्याएवढ्या पाण्यातून वरच्या शाळेकडं गेली. ज्ञानूला धैर्यशीलनं पाठीवर घेतलं होतं. करडू एका बाईच्या डोक्यावर होतं. वळणापर्यंत ती मला दिसली.

पाणी आमच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि उतरलं. गालिचा कोरडा राहिला. ज्ञानू नवव्या दिवशी दवाखान्यात वारला.

शतकपूर्ती महिनाभर पुढं ढकलली गेली आणि मग थाटात झाली. गुरुजींनी अहवाल वाचला. मी कडीला लोंबकळत ऐकत होतो. पुराच्या काळात कुलूप नादुरुस्त झाल्यामुळं देऊळ पूरग्रस्तांसाठी उघडता आलं नाही, याची मंडळीला खंत वाटते. ते वाक्य वाचताना त्यांचा आवाज कुठं अडखळला नाही. पोरांना शुद्धलेखन घालतात तसं त्यांनी ते सावकाश वाचलं.

आता नादुरुस्त कुलूप दारावर ठेवायचं कसं? पाळकांनी कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं. त्यानं मला मांडीवर घेऊन किल्ली चार वेळा फिरवली, कानाशी धरली, परत फिरवली.

"ह्याला काय बी झालं न्हाई, साहेब," तो म्हणाला. "लोण्यावानी फिरतंय."

पाळकांनी मला हातात घेतलं. स्वतः फिरवून बघितलं. गुरुजी शेजारीच उभे होते. पाळक त्यांना काही बोलले नाहीत, मला कडीला अडकवलं आणि निघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं, असं गुरुजी नंतर क्रांतीला म्हणाले. क्रांती मंडळीतली तरुण नर्स, कमिटीत नुकतीच आलेली.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता. ख्रिस्ती माणूस त्या दिवशी भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या आधी आपलं मन तपासतो. कोणाशी वैर असलं, कोणाचं वाईट केलं असलं, तर ते मिटवून मग घ्यायचं, अशी शिकवण आहे. गायन संपलं आणि आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी आज घेणार नाही," गुरुजींचा आवाज आला. "कुलूप चांगलं होतं. मी किल्ली अर्धी फिरवली आणि काढून घेतली. अहवालात खोटं लिहिलं, तेही मीच."

मग फोन करणारे पंच उठले आणि म्हणाले, मीच सांगितलं होतं त्यांना. गालिच्याची वर्गणी गोळा करणाऱ्या एक बाई उठल्या. व्हरांड्यातली ती पाटी लावायला सांगणारे उठले. त्या दिवशी भाकर तशीच ताटात राहिली. सगळे उपाशी असल्यासारखे गुपचूप बाहेर पडले आणि बाहेर पडताना प्रत्येकानं माझ्याकडं बघितलं.

त्याच आठवड्यात बारा जण धोंडुबाईकडं गेले. काय झालं ते दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात बायका बोलत होत्या, त्यावरून मला कळलं. तिनं त्यांना बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. गुरुजींनी सगळं सांगितलं. ती पालेभाजी निवडत ऐकत होती.

"दार उघडलं असतं तर माझं माणूस ऱ्हायलं असतं का, मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "तुमास्नी बी ठावं न्हाई. तेवढं घिऊन ऱ्हावा आता."

क्षमा मागायला गेलेली माणसं ते घेऊन परत आली.

त्या पावसाळ्यानंतर देवळाची मागची भिंत खचली. इंजिनिअर आला आणि म्हणाला, आत बसू नका. मंडळीला जागा बदलणं भागच होतं. त्यावरून दोन वर्षं वाद झाले. करोनाच्या काळात ते फोनवरून झाले. काही जणांना अगदी असंच देऊळ दुसरीकडं बांधायचं होतं, दगडी, उंच, मोठ्या दाराचं. क्रांती कमिटीत म्हणाली की शंभर वर्षं आपण ह्या इमारतीलाच देऊळ म्हणत आलो. पुराच्या दिवशी इमारत जागेवर होती. नव्हतो ते आपण. म्हणून आधी आपण कोण ते ठरवू, मग भिंती. काहींना ते लागलं. चार घरं मंडळी सोडून दुसरीकडं गेली, ती अजून आलेली नाहीत.

शेवटी कसबा बावड्याकडं एक बंद पडलेलं गुऱ्हाळ भाड्यानं मिळालं. मालक पृथ्वीराज, शेतकरी माणूस. ऊस कारखान्याला जायला लागल्यापासून त्यानं गूळ करणं सोडलं होतं. वर पत्रा, खाली शहाबादी, तीन बाजू उघड्या. त्यानं आधीच सांगितलं, "पावणं, हितं दार न्हाई. लावून पायजे असंल तर तुमचं तुमी बघा."

दार लावायचं नाही, असं ठरलं. ठरवताना सगळे खूश होते असं नाही.

निघायच्या दिवशी बाक ट्रॉलीत चढले. क्रांतीनं मला कडीतून काढलं आणि गुरुजींना विचारलं, ह्याचं काय करायचं? त्यांनी मला कोटाच्या खिशात घातलं. बावड्यापर्यंत मी त्यांच्या मांडीवर आपटत गेलो. पहिल्यांदाच मी उपासनेच्या आत आलो. भिंतीला अजून गुळाचा वास होता. वारा गीतांचे कागद उडवतो, म्हणून गुरुजींनी मला त्या कागदांवर ठेवलं. कडी वर केलेली, उघडा. तेव्हापासून मी तिथंच आहे.

रविवारी उपासना होते. बाकीचे दिवस बावड्याची पोरं अभ्यासाला येतात, बायकांचं शिवणकाम चालतं, उन्हात ऊसतोडीची माणसं येऊन टेकतात. मध्ये आमचा स्पीकर चोरीला गेला. तेव्हा शटर बसवायची गोष्ट निघाली, कोणीतरी मला उचलून तेलही घातलं. गुरुजी म्हणाले, स्पीकरपुरतं कपाट करा. लोखंडी कपाट आलं, त्याला त्याचंच कुलूप होतं. मी परत कागदांवर आलो.

गेल्या वर्षीच्या जुलैत नदी पुन्हा वाढली. गुऱ्हाळात सहा घरं आली. आमची माणसं बाक हलवत होती, क्रांती चूल मांडत होती. दुपारी रस्त्याच्या कडेला धोंडुबाई उभी दिसली. ती आता बहिणीकडं, वरच्या अंगाला राहते. तिला आसऱ्याची गरज नव्हती. ती बघायला आली होती. गुरुजी हातातली ताडपत्री तशीच धरून उभे राहिले.

ती आत आली नाही. खांबापाशी थांबून तिनं सगळीकडं नजर फिरवली.

"त्या बाजूनं झड यील," ती म्हणाली. "ताडपत्री हितं नगं. तिकडं बांधा."

गुरुजींनी तिकडं नेली. दुसरं टोक तिनं धरलं, दोरी ओढून गाठ मारली, ती घट्ट आहे का ते बघितलं. क्रांतीनं चहा पुढं केला. तो तिनं घेतला नाही. पाऊस जरा थांबल्यावर ती गेली. गुरुजी ती गेली त्या वाटेकडं बघत राहिले. क्षमा झाली असं त्यांना वाटलं का, मला माहीत नाही. मला तसं वाटलं नाही. वाटून घ्यायचा मला हक्कही नाही.

माझं आता फार दिवस काम उरलेलं नाही. पितळ काळं पडलं आहे, कडी ढिली झाली आहे. तुमच्या दारावरही माझा कोणी भाऊबंद असेल. तो चांगलाच असेल, ओढून सुटत नसेल. त्याला दोष देऊ नका. फक्त त्याची एक किल्ली शेजारच्या घरात देऊन ठेवा. आज पाऊस नाही, आजच द्या.