प्रुडन्सची तपासणी

चौसष्ट तोफांच्या ‘प्रुडन्स’ या युद्धनौकेने इंग्लंडच्या राजाची मोठी सेवा केली, असं म्हणायची पद्धत होती. पहिल्या लढाईला ती पोचली तेव्हा शत्रू शरण येऊन जेवायला बसला होता. दुसऱ्या लढाईत तिने जोरदार धडक दिली, ती आपल्याच जहाजाला. तिसरीत मात्र तिने एक फ्रेंच जहाज पकडलं, पण त्यात निव्वळ खारवलेले मासे होते. मग तह झाला आणि डोलकाठ्या, तोफा उतरवून तिला चॅटमच्या गोदीपाशी नदीत बांधून ठेवलं.

जहाजाचा सुतार ओबाडाया ट्रास्क तेवढा उतरला नाही. नौदलात सुतार जहाजाबरोबरच असतो. ते मोडीत निघालं की त्याची नोकरीही गेली. ट्रास्कला तर दुसरं घरच नव्हतं. अकरा वर्षं तो आणि त्याची बायको केझाया कप्तानाच्या खोलीत ऐसपैस राहत होते. तोफांच्या खिडक्यांत तिचं धुणं वाळायचं आणि दारूगोळ्याच्या कोठारात कोंबड्या अंड्यांवर बसायच्या.

जहाज ठेवायचं की मोडीत काढायचं ते ठरवायला तपासनीस फेनविक येणार असं कळलं. लाकडाचा आतून भुगा झाला होता. पण फेनविकचे गुडघे धरलेले आणि तो कधी वाकत नाही, हे गोदीत सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रास्कने छातीच्या उंचीवर तेवढं ओकचं नवं लाकूड बसवलं आणि खाली लांबी भरून डांबर फासलं. फेनविकने टोचा मारला, तो शिरेना. जहाज ठणठणीत असल्याची सही करून स्वारी जेवायला गेली. केझायाने त्या दिवशी कोंबडी कापली.

महिन्याभरात युद्ध पेटलं आणि हुकूम आला, प्रुडन्सने जमैकाला जावं. अर्थात सुतारासकट.

“चारशे माणसं चढणार आहेत, म्हाताऱ्या,” केझाया म्हणाली. “जा आणि खरं सांग. घर गेलं तर जाऊ दे.”

ट्रास्कला स्वतःची लाज वाटली. त्याने तळाचं एक लाकूड उपटून फेनविकच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं कबूल केलं. फेनविकने कागदांवर सांडलेला लाकडाचा भुगा फुंकून टाकला.

“या जहाजावर माझी सही आहे, ट्रास्क,” तो म्हणाला. “ते कुजकं असूच शकत नाही.”

ट्रास्कने पाणी उपसायचे दोन जादा पंप मागितले, एक मिळाला. निघायच्या दिवशी केझाया कोंबड्या घेऊन धक्क्यावर उतरली आणि तिने पहिल्यांदाच विचारलं, पोहता येतं ना.

“तीस वर्षं नौदलात आहे मी,” ट्रास्क म्हणाला. “शिकायला वेळ कुठे मिळाला?”