अनसिंगचा पापकाटा

अनसिंगच्या बाजारात गुरुवारी सोयाबीनपेक्षा पाप जास्त मोजलं जाई. तुलाबाबा भक्ताला इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभं करत, अंगावरून मोरपिसांचा कुंचा फिरवत, आणि आकडा दोन-तीन किलोंनी खाली येई. उतरलं ते पाप. ते जाई कुठे, हे कोणी विचारत नसे. आपल्या दारातून कचरा गेला की पुढचं कोण विचारतो?

आज विमलबाईंचा नंबर होता; मुलगा गोविंदा सोबत आला होता. त्यांना साखरेचा आजार. "आजार म्हणजे पापाचं ओझं," बाबा म्हणाले. "आज उतरलं की इन्सुलिन फेकून दे." विमलबाई सुईचा डबा घेऊनच आल्या होत्या. त्या काट्यावर चढल्या, कुंचा फिरला, अठ्ठावन्न किलोचे पंचावन्न झाले.

तेवढ्यात वजनमापे निरीक्षक धम्मदीपा मॅडम आल्या. "काटा तपासायचा आहे."

"बाई, कायद्यात पापाचं नाव कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

"पापाचं नाही. काट्याचं आहे."

कायदा एवढंच म्हणतो, काटा खरा असावा. कशानं तपासायचा, किती चूक चालेल, शिक्का कोणी मारायचा, हे नियमांत असतं. आणि नियम राबवायला कोणीतरी वीस किलोचं लोखंडी वजन उचलून यावं लागतं. तोवर कायदाही पोथीसारखाच, नमस्कारापुरता.

मॅडमनी आणलेलं तसं वजन बाबांच्या काट्यावर ठेवलं. बरोबर वीस.

"बाबा, याचंही पाप उतरवा न," गोविंदा म्हणाला. "सरकारचं हाय."

लोक हसले. बाबा फुलले. कुंचा फिरला. सतरा! जयघोष झाला.

मॅडमनी तेच वजन समोरच्या गफ्फारभाईंच्या शिक्का मारलेल्या धान्यकाट्यावर नेलं. वीस.

"पाप वापस आलं वाटते," गफ्फारभाई म्हणाले.

"सरकारचं हाय बाप्पा, लवकर भरते," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"तिथे भक्ती कमी पडली," बाबा म्हणाले, आणि कुंचा पोटाशी धरला. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसाची पिसांवर एवढी माया पाहून गोविंदाला शंका आली. त्यानं कुंचा हिसकावला, मुठीचा दोरा सोडला. आत छोटा रिमोट. बटण दाबलं. रिकाम्या काट्यावर उणे तीन. हवेचंही पाप उतरलं.

देव मानायचा की नाही, तुमचं तुम्ही बघा. पण चमत्कारावर स्वतः चढण्याआधी एकदा लोखंड चढवून पाहा. त्याला श्रद्धा नसते, म्हणून ते फसत नाही.

विमलबाई गफ्फारभाईंच्या काट्यावर उभ्या राहिल्या. आकडा घरून आणलेलाच, अठ्ठावन्न.

"छटाकभर पाप हाललं नाही," त्या म्हणाल्या आणि डबा काखेत मारला. "चाल गोविंदा, सुईची येळ झाली."