पुढची सीट

जहाज कोचीच्या धक्क्याला लागलं तेव्हा मुकुंदरावांनी सगळ्यात आधी बस कुठं उभी आहे ते पाहिलं. समुद्र नाही, बंदर नाही, बस. संभाजीनगरहून आलेल्या मंडळींना शहर दाखवायला एकच बस होती. माणूस बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाला, क्रूझवर आला, तरी त्याच्यातला एसटी स्टँड काही सुटत नाही. मुकुंदराव धावत गेले आणि पुढच्या सीटवर रुमाल टाकून, शेजारी बायकोची पिशवी ठेवून मोकळे झाले. मग घाम पुसायला रुमाल उरला नाही, तेव्हा साहेबांनी बाहीनंच कपाळ पुसलं.

कालिंदी मागून सावकाश आली. तिला लाज वाटली, पण ती लाज लग्नाइतकीच जुनी होती. या सहलीतून तिला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे कोचीची मोठी जाळी. माहेरी पैठणला गोदावरीत भोई जाळं फेकायचे, ते बघत ती वाढली. इथं म्हणे घराएवढं जाळं लाकडी सांगाड्यावरून पाण्यात सोडतात आणि दोर ओढून वर काढतात. मोबाईलवर तिनं ते कितीदा तरी पाहिलं होतं. एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, बस्स.

बस आधी एका जुन्या राजवाड्यापाशी थांबली. मुकुंदरावांनी दारातूनच नाक मुरडलं. आम्ही देवगिरी पाहिलेली माणसं, आम्हाला हे काय दाखवता, असं त्यांनी गाइडला मराठीत सुनावलं. गाइड मल्याळी, तो हसून मान डोलावत राहिला. परत येऊन बघतात तर पुढच्या सीटवर वैजापूरचे कांद्याचे व्यापारी कारभारी आणि त्यांची बायको द्वारकाबाई निवांत बसलेले. रुमाल नीट घडी करून पिशवीसकट काचेपाशी ठेवलेला.

"इष्टी थोडीच हाय ही, साहेब," कारभारी म्हणाले. "पर तुमची हौस असंल तर बसा." आणि दोघं उठून मागं गेले.

भांडले असते तर मुकुंदरावांना बरं वाटलं असतं. 'हौस' त्यांच्या जिव्हारी लागली. कांदेवाल्यांना सीटची किंमत काय कळणार, असं ते मोठ्यानं पुटपुटले, आणि आता सीट सोडायची नाही असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. मसाल्याच्या बाजारात ते उतरले, कालिंदी राखणीला बसली. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की आपल्याकडं गुलमंडीच्या बाजारात यापेक्षा चांगली मिरी मिळते, तुझं काही गेलं नाही. चर्चपाशीही तसंच झालं. कालिंदी काचेतून समोरच्या बसची पाठ बघत राहिली. तिला राग येत नव्हता. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा वाटावा लागतो, आणि मुकुंदराव तिला दर थांब्याला लहान होताना दिसत होते.

शेवटी जाळी आली. मुकुंदरावांचे पाय दुखत होते, त्यांना उतरायचं नव्हतं. कालिंदी हायसं वाटून उठली, पण त्यांनी तिला बसवलं. पिशवीला कोणी जुमानत नाही, एकट्यानं दोन जागा कशा सांभाळायच्या? जाळी काय, काचेतूनही दिसतातच की. काचेतून एक नारळपाण्याची गाडी दिसत होती.

मागून उतरायला आलेल्या द्वारकाबाई थांबल्या. "चला की ताई," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबून काय सीटवर बसायला आलो व्हय आपण?"

कालिंदी उठली.

"तू उतरलीस की कोणीतरी येऊन बसेल," मुकुंदराव म्हणाले.

"बसू द्या. मला जाळी बघायचीत."

कोळी दोर ओढत होते आणि हौशी लोकांनाही हात लावू देत होते. द्वारकाबाईंनी पदर खोचला, मग कालिंदीनंही. दोर ओला, खरखरीत आणि भलता जड होता. सगळ्यांनी मागं रेटा दिला तसं सांगाड्याच्या टोकाला वजनासाठी लटकवलेले दगड खाली आले आणि ते अवाढव्य जाळं पाणी गाळत वर उठलं. आत ढीगभर शेवाळ आणि ओंजळभर मासे. कालिंदी इतकी हसली की तिला ठसका लागला. एवढा आनंद तिला कितीतरी वर्षांत झाला नव्हता. बसकडे परतताना हे मुकुंदरावांना कसं सांगायचं याचे शब्दही ती जुळवायला लागली. सवय वाईट असते.

मुकुंदराव एका सीटवर बसून दुसरीवर पाय पसरून बसले होते.

"दोघं-तिघं टेहळून गेले. मी टेकू दिलं नाही कुणाला," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष तिच्या ओल्या साडीकडं गेलं. "आधी पिळून घे ती. सीट भिजेल."

कालिंदीनं त्यांच्या पायाखालची पिशवी ओढून घेतली. "नाही भिजणार," ती म्हणाली आणि थेट मागं द्वारकाबाईंकडं गेली. कारभाऱ्यांनी कुणी न सांगताच उठून तिला आपली जागा दिली.

बसमध्ये आता एकच जागा रिकामी होती. कारभारी पुढं गेले आणि मुकुंदरावांचे पाय खाली उतरायची वाट बघत उभे राहिले.

"सरका जरा, साहेब."