रुमालाखालची बोटं

पौषातल्या दुपारी चार वाजता वॉर्डच्या पश्चिमेकडच्या खिडकीतून पिवळं ऊन आत यायचं आणि त्या उन्हात मला आधी सिस्टरांची बोटं दिसायची. माझ्या बायकोच्या, सुमतीच्या मनगटावर टेकलेली तीन बोटं, छातीवर टाचलेल्या घड्याळाकडे लागलेली नजर, आवाज न करता हलणारे ओठ. बाहेरच्या कलमांच्या मोहोराचा गंध वाऱ्यासोबत आत शिरायचा आणि स्पिरिटच्या वासात विरून जायचा.

मी आंब्याचा व्यापारी. डोक्यावर पाट्या वाहून सुरुवात केली आणि पुढे मोहोर बघून बागा घेऊ लागलो. आमचा भाव रुमालाखाली ठरतो; दोघांचे हात एका रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा आणि चेहरा कोरा ठेवायचा. त्यामुळे कोरा चेहरा दिसला की मी रुमाल शोधतो.

सिस्टर नाटे गावच्या. उंच, सावळ्या. किल्ल्यांचा जुडगा त्या मुठीत आवळून चालत, निजलेलं माणूस जागं होऊ नये म्हणून. आवाजही तसाच मुठीत धरलेला. डॉक्टर खाटेपाशी आले की दोघांत शब्द जवळजवळ नसेच. डॉक्टरांनी हात पुढे करावा आणि हवा तो कागद त्या हातात असावा. सिस्टरांनी मान हलवावी आणि वॉर्डातल्या मावशीने पडदा ओढावा. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणायची, "एका घरातली वाटतात हो ही माणसं." मला मात्र लिलावाआधीच आपसात भाव ठरवून आलेले दलाल आठवायचे.

सुमतीला मुंबईला न्यावं की इथंच ठेवावं, एवढंच मला हवं होतं. बाजारातली रीत मी तिथंही वापरली. डॉक्टर, सिस्टर, मावशी, तिघांना एकेकटं गाठून तोच प्रश्न विचारला. उत्तरांत कुठंतरी फट पडते आणि खरी किंमत दिसते. इथं फट पडली नाही. तिघंही म्हणाले, "त्यांना त्रास होऊ नये, एवढं बघू या."

माझा तोल गेला. "तुम्ही सगळे मिळालेले आहात! सिस्टर, तुमचं एकटीचं काय ते सांगा."

"इथं एकटीचं काही नसतं, शेट."

मावशी मागून म्हणाली, "कशाला वराडताव? आंबे इकताव काय हितं?"

सुमती उशीवर मान वळवून हसली. मी गाडी सांगायचो आणि ती म्हणायची, "उद्या जाऊ, अहो. आज थकलेय." गाडी तीनदा परत गेली. व्हरांड्याच्या गजांना धरून मी उभा राहायचो. नेलं तरी दोष माझा, ठेवलं तरी माझाच.

मोहोरात फळाची बारीक कणी धरली त्या आठवड्यात ती गेली. तिचं लुगडं घडी करून माझ्या हाती देताना सिस्टरांचा आवाज पहिल्यांदा मुठीतून सुटला.

"पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा तिघांकडून शब्द घेतला होता, शेट. म्हणाल्या, मी यातून उठत नाही हे यांना कळलं तर मला मुंबईला नेतील, दारोदार भांडत फिरतील. मला इथंच, या वाऱ्यात राहू द्या."

म्हणजे रुमालाखाली चौथा हात होता, आणि तो तिचा होता.

मी त्यांना माफ केलेलं नाही, तिलाही नाही. तरी पौषात बाग बघायला गेलो की चार वाजताच्या उन्हात माझी तीन बोटं आपोआप माझ्याच मनगटावर जातात. ज्या सौद्यात आपल्याला घेतलंच नाही, त्याचा भाव माणूस उरलेला सगळा काळ असाच चाचपत राहतो, आणि पलीकडचा हात केव्हाच निघून गेलेला असतो.