पाणी वाटणारी

रुखमाबाईंनी राजूर घाटाखाली कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची टाकायला लावली, तेव्हाच दीर जानराव म्हणाले, "वहिनी, सायकली येऊन राह्यल्या, वरात नाही."

"तुमची पोरगी असती तं तुमी मांडव घातला असता," त्या म्हणाल्या.

पूनम त्यांची एकुलती एक लेक. अकरा वर्षं तिचं पोट सायकलवर. आधी ती ट्रॅकवर, त्या कढईसारख्या तिरप्या रिंगणात, एकटीच्या जिवावर पदकं आणायची. रुखमाबाई ती पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवत. तिशीनंतर ती एका कंपनीच्या टीममध्ये रस्त्यावरच्या शर्यतींना लागली, आणि पगार वाढला तरी पदकं बंद झाली. मग आईचा धोशा सुरू झाला: आता पुरे, घरी ये. शेवटी पूनमने शब्द दिला. मलकापूर ते बुलडाणा शर्यत आपल्या मोताळ्यावरून जाते. माझं काम एकदा डोळ्यानं पाहा. नाही पटलं, तर पुढच्या दोन वर्षांच्या कराराच्या कागदावर सही करणार नाही.

सायकली आल्या. पुढच्या पोरींत पूनम नव्हती. ती पार मागे, टीमच्या गाडीच्या खिडकीशी. सात-आठ बाटल्या तिने पाठीत, छातीत कोंबल्या, आणि तशीच कुबड आल्यासारखी पुढे जाऊन आपल्या टीमच्या पोरींना देऊ लागली.

"वहिनी," जानराव हळूच म्हणाले, "पोरगी तं पाणी वाटून राह्यली."

रुखमाबाईंची कानशिलं तापली. त्यांच्या घरी पाणी भरायला गडी असायचा.

रस्ता मोकळा झाल्यावर जीपने त्या बुलडाण्याला पोचल्या, तोवर सगळं आटोपलं होतं. पूनमच्या टीमची श्रद्धा पहिली. पूनम एकतिसावी. ती फुटपाथवर पाय पसरून बसली होती, तोंडावर घामाचं मीठ.

"पाह्यलं. चाल घरी," रुखमाबाई म्हणाल्या. "लोकायच्या पोरीयले पाणी पाजासाठी पैदा केलं काय तुले?"

"येतो, माय. शब्द देल्ला हाय."

एवढ्यावर गप्प बसतील त्या कसल्या! "आन वाटाचं तं सगळ्यायले वाटावं. तिघीले बाटल्या देल्ल्या, तुह्याच टीमच्या चौथीनं हात पसरला तं तुनं पाह्यलं बी नाही. हे आपल्या घरची रीत हाय?"

"चौथी थकली होती. घाटात ती कामाची नव्हती. श्रद्धाचे पाय आज चांगले होते, म्हून बाकीच्यायले म्हनलं, इच्यापुढं राहा, वारा तुमच्या अंगावर घ्या, इचा दम वाचू द्या."

"मॅनेजरनं सांगतलं व्हतं?"

"तो मागं गाडीत. रस्त्यावर माहा शब्द चालते."

रुखमाबाईंना आपल्या घरची पंगत आठवली. तीस वर्षं तिथे तुपाची वाटी त्यांच्याच हातात असे. कोणाला धार, कोणाला थेंब, ते त्या ठरवत. त्यांना वाढपीण म्हणायची छाती कोणाची झाली नव्हती.

"आन तुह्यं कोणी नाही ऐकलं तं?"

"मागच्या साली एकीनं नाही ऐकलं. या साली ती टीममंधी नाही."

रुखमाबाईंनी पदराने तिच्या तोंडावरचं मीठ पुसलं, जरा जोरातच.

"कागद कुठी हाय? कर सही," त्या म्हणाल्या. "आन त्या चौथीले आता तरी पाणी दे."